चंद्रीच्या पोटातलं तेल

तुमच्या हातून झालेल्या नुकसानीचा आळ दुसऱ्या माणसावर गेला आणि तुम्ही शेजारीच उभे होतात, असं कधी घडलंय का? घडलं असेल तर किती दिवस गप्प बसलात? मला सांगू नका, स्वतःशी मोजा. मी पाच दिवस बसले. आणि त्याच पाच दिवसांत ‘भीती हीच खरी बेडी’ या मथळ्याचं एक पत्रक लिहून, हाताने त्याच्या प्रती काढून मी सभेत वाटल्या. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. सोलापुरातल्या सभांना जाणाऱ्या मुलींत माझं अक्षर सगळ्यांत चांगलं, म्हणून मजकूरही माझाच असायचा. आज हात थरथरतो, अक्षर राहिलं नाही. तरी हे प्रकरण दुसऱ्या कुणाला सांगून लिहवून घ्यायला मी तयार नाही.

आमचं घर विणकरांच्या गल्लीत होतं. दोन्ही बाजूंना तेलुगू बोलणारी घरं. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा आणि तो विरतो न विरतो तोच हातमागांची खटखट सुरू व्हायची, ती थेट दिवे लागेपर्यंत. पाहुणे म्हणायचे, या आवाजात तुम्हांला झोप कशी लागते. आम्हांला उलटं व्हायचं. सणावाराला माग थांबले की आई दचकून विचारायची, काय झालं. आमच्याकडे माग नव्हता. आमच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली मोटार होती. जुनी अमेरिकन गाडी, वर कापडी टप, बाहेरून वाजवायचा पितळी भोंगा, पुढून हँडल मारल्याशिवाय चालू व्हायची नाही. ती सोलापूर ते मोडनिंब उतारू नेऊन आणायची आणि तिच्यावर आमचं घर चालायचं. तिच्या तोंडावरचा रंग उडून एक पांढरा ठिपका पडला होता, म्हणून गाईला ठेवावं तसं आईने तिचं नाव चंद्री ठेवलं होतं. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचं, पोळ्याला बैलांबरोबर पुरणाचा घासही दाखवला जायचा. तो पुढे माझ्या पोटात जायचा.

मी वाचायला शिकले ते चंद्रीच्या सीटखाली. शाळा होती, पण शाळेच्या पुस्तकात राजाच्या गोष्टी होत्या. गाडी झाडण्याचं काम माझ्याकडे असे आणि झाडताना उतारूंनी टाकलेली पत्रकं सापडत. काही चुरगळलेली, काहींवर पानाचे डाग, काहींत शेंगा बांधून खाल्लेल्या. पोलिसाच्या भीतीने कुणी सीटच्या फटीत कोंबून गेलेलं असे. मी ती मांडीवर सपाट करून वाचायची, पाठ करायची, आणि भाकरी थापणाऱ्या आईसमोर उभी राहून म्हणायची. आईचे हात थांबत नसत. ती म्हणायची, “बरं बोलतीस गं. आता त्या चुलीतलं लाकूड जरा मागं ओढ.”

अण्णा, म्हणजे माझे वडील, गाडीचे मालक होते पण चालवत नसत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ते अड्ड्यावर बसून उतारू गोळा करत. चालवायचे उस्मानचाचा. चालवायचे तेच आणि दुरुस्त करायचेही तेच. अण्णांची आणि त्यांची वीस वर्षांची संगत होती, दोघांनी टांगा सोडून मोटार धरली तीही एकाच दिवशी. चाचांना तपकिरीचा नाद होता. दिवसभर चिमटी नाकाशी. त्यामुळे त्यांच्या नाकाला वास म्हणून कसला कळत नसे. आई म्हणायची, उस्मानभाईंना शेंगाचटणी वाढली काय नि कोंडा वाढला काय, सारखंच. वाढायची मात्र रोज. भाकरी, चटणी, वर कांदा. त्यांची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, थाळी नि पेला ओसरीच्या कोनाड्यात वेगळे असायचे, ते चाचा स्वतः धुऊन परत ठेवायचे. मी तेव्हा समतेवर तीन पत्रकं लिहिली होती. त्या कोनाड्यावर एकही लिहिलं नाही. तो मला दिसतच नव्हता.

त्या उन्हाळ्यात शहर पेटल्यासारखं झालं होतं. परदेशी कापडाची होळी करायचं ठरलं तेव्हा पत्रक माझंच होतं आणि त्यातलं एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी झालं होतं: ‘विलायतेचा थेंबही आमच्या घरात नको.’ लिहिताना मला शाईचा, अत्तराचा थेंब डोळ्यांसमोर होता. होळीच्या दिवशी घरात जाळण्याजोगं काही सापडेना. आईची लुगडी गल्लीतच विणलेली, अण्णांचं धोतर जाड गिरणीचं. मग पडवीत लक्ष गेलं. तिथे इंजिनात घालायच्या विलायती तेलाचा सीलबंद डबा होता. चाचा आठ दिवसांनी गाडीचं तेल बदलणार होते. मी डबा उचलला, पदराखाली झाकून मैदानावर नेला आणि सगळ्यांदेखत होळीत ओतला. ज्वाळा पुरुषभर उंच गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि व्यासपीठावरून माझं नाव घेतलं गेलं. आमच्या गल्लीतलं तिथे कुणी नव्हतं. घरी आले तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

रिकामा डबा पडवीत ठेवणं बरं नव्हतं. चाचांना काय सांगायचं? पण मला वाटलं, यात सांगायचं काय आहे? बैलगाडीच्या आसाला आपलंच तेल चालतं. घाण्याची लाट, ते फिरणारं जाड लाकूड, आपल्याच तेलावर फिरते. मग मोटारीला सोलापूरचं तेल का चालू नये? आमच्याकडे करडईचं तेल पत्र्याच्या मोठ्या डब्यात भरून असायचं, लाकडी घाण्याचं, सोन्यासारखं पिवळं. ते मी त्या विलायती डब्यात ओतलं, झाकण ठोकून बसवलं. रंग तसाच दिसत होता. ठरल्या दिवशी चाचांनी जुनं तेल काढलं आणि त्या डब्यातलं ओतलं, शेवटचा थेंब गळेपर्यंत डबा उपडा धरून. मी लिंबाखाली उभी राहून बघत होते. त्यांना वास आला नाही.

चंद्री तीन आठवडे त्या तेलावर धावली. माझा अभिमान दर खेपेला वाढत होता. उतारू म्हणायचे, चाचा, गाडीत भजी तळता काय हो? चाचा हसायचे आणि म्हणायचे, मोडनिंबला उतरल्यावर मिळतील. मग शहरात हरताळ पडला, रस्ते बंद झाले, आणि चंद्री आठ-दहा दिवस लिंबाखाली उभी राहिली. ऊन असं की कौलं तडतडत होती. हरताळ उठला त्या सकाळी चाचांनी हँडल लावलं, जोर केला, आणि हँडल फिरेना. पुन्हा केला. पाय रोवून, अंगाचा भार टाकून केला. हँडल भिंतीत चिणल्यासारखं उभं.

माझा नातू चिंचोळीच्या कारखान्यात नोकरीला आहे. त्याने मला परवा परवा नीट समजावून सांगितलं, की करडईचं तेल तापलं आणि त्याला हवा लागली की ते वाळतं, त्याचा रोगण होतो, रंगात आणि वार्निशात तेच घालतात. आता डॉक्टर म्हणतात ते हृदयाला चांगलं. असेल. यंत्राच्या हृदयाला नव्हतं. पण तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अण्णांना आणि चाचांना एवढंच दिसत होतं की इंजिन जाम झालंय. इंजिनात चार पिस्टन असतात. लोखंडी वाट्या समजा, नळकांड्यांत घट्ट बसून खाली-वर होणाऱ्या. त्या चारही आतल्या आत धरल्या गेल्या होत्या. तेलाशिवाय गाडी पळवली तर असं होतं, हे अण्णा जाणून होते. चाचांनी खालचा पत्रा सोडला तेव्हा आतून काकवीसारखं घट्ट, तपकिरी काहीतरी निघालं. अण्णांनी ते बोटांत चोळलं, डोळ्यांजवळ नेलं.

“हे नवं तेल व्हय, उस्मान?”

चाचा म्हणाले, आपल्या हातानं ओतलंय अण्णा, डबा रिकामा पडलाय बघा.

“रिकामा डबा कुणीबी ठेवंल,” अण्णा म्हणाले. “तेल इकलंस तू. अन् माझी चंद्री कोरडी पळवलीस.”

हे अंगणात झालं. अंगणाला भिंत नव्हती. अण्णांचा आवाज मोठा होता आणि नेमके शेजारचे माग थांबले होते. तेलुगू घरांतून माणसं दारात आली. चाचा खाली बसले, तपकिरीची डबी काढली, उघडली नाही, परत ठेवली. मग हळू म्हणाले की मला पाच दिवस द्या. गाडी कोरडी पळाली असेल तर सिलिंडरच्या भिंतींना आतून चरे पडलेले असतील, लोखंडावर लोखंड घासल्याचे. पिस्टन बाहेर काढतो, भिंती दाखवतो. चरे असले तर मी चोर. नसले तर माझा शब्द खरा. अण्णा म्हणाले, पाच दिस. सहावा न्हाई.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण अण्णांची वळलेली मूठ बघितली आणि पडवीत गेले. त्या दुपारी मी तो रिकामा डबा राखेने घासून लख्ख केला. कुणी सांगितलं नव्हतं. आजवर मी पुष्कळ भांडी घासली, तेवढ्या मन लावून एकही नाही.

चाचा रोज सकाळी भोंग्याबरोबर येत आणि भाकरी न खाता कामाला लागत. थाळी कोनाड्यातून काढत नसत. आई वाढून ठेवायची, दुपारी तशीच उचलायची. त्यांनी इंजिनाचं वरचं झाकण, हेड, काढलं होतं. चार नळकांड्यांची तोंडं उघडी दिसायची, विहिरीत वाकून बघावं तशी. भिंतींवर काळपट, चकचकीत थर होता, त्यामुळे चरे आहेत की नाहीत ते दिसत नव्हतं. चाचांनी त्यांत रॉकेल ओतून दिवसभर मुरवलं. दुसऱ्या दिवशी रॉकेल तसंच्या तसं वर. मग कोळशाची शेगडी खाली ठेवून ब्लॉक, म्हणजे चारी नळकांड्यांचं ते ओतीव धूड, शेकला. मग गाडीखाली उताणे झोपून बाभळीच्या ठोकळ्याने खालून वर ठोकू लागले. ठक. ठक. थांबून पुन्हा ठक. शेजारचे माग घाईने चालायचे आणि त्यांच्यामधून हा एक आवाज थकल्यासारखा यायचा. मी चुलीपाशी असले तरी मोजायची. एकदा त्यांनी नखाने तो थर खरवडला, जिभेला लावला, थुंकले. गाडीखालून स्वतःशीच बोलले: “गंज नाही. काजळी नाही. लाखेसारखं हे काय बसलंय मेरे मौला.”

काय बसलंय ते घरात एकटी मी जाणत होते. माझी चूक लपली होती हे तर झालंच. पण रोग ठाऊक नसल्याने औषधही चुकत होतं. मी गप्प होते म्हणून पिस्टन गच्च होता. हे मला तिसऱ्या दिवशी लख्ख कळलं आणि तरी तोंडातून शब्द निघेना. जेवताना भाकरी पानात तशीच ठेवून उठले. आईला वाटलं ऊन लागलं, तिने कांदा ठेचून टाळूवर ठेवला. त्या संध्याकाळी सभा होती, बेडीचं ते पत्रक मी तिथेच वाटलं. मी उभी राहून म्हटलं, जो सत्याला भितो तो गुलाम. टाळ्या झाल्या. टाळ्यांचा आवाज मला ठोकळ्यासारखा लागला.

मग मी मला येत होतं तेच केलं. पत्रक लिहिलं. पाव कागदावर, वळणदार अक्षरात, अजून पाठ आहे: ‘मोटारीच्या इंजिनात विलायती तेलाऐवजी करडईचे तेल घातले गेले आहे. मिस्त्री सर्वस्वी निर्दोष आहे. — एक देशसेवक.’ चौथ्या दिवशी सकाळी ते चाचांच्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांवर ठेवलं. माझा हिशोब असा की चाचा ते वाचतील, अण्णांना दाखवतील, आळ उडून जाईल, आणि देशसेवक कोण ते कुणाला कळणार नाही. मी भाजी निवडत पडवीत बसले. चाचा गाडीखालून निघाले, पेटी उघडली, कागद उचलला, उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. आणि सरळ माझ्याकडे आले.

“बेटी, आपल्याला मराठी वाचाय येत नाही. हे काय लिहिलंय बघ.”

वीस वर्षं त्या माणसाने आमच्या घरी भाकरी खाल्ली होती. त्यांना वाचता येत नाही हे मला ठाऊक नव्हतं. जनतेसाठी म्हणून मी शेकडो कागद लिहिले होते. ती जनता आता माझ्यासमोर उकिडवी बसली होती, ग्रीसने काळ्या झालेल्या दोन बोटांत कागद अलगद धरून, त्याला डाग लागू नये म्हणून. मी कागद घेतला. वाचला. दोनदा, तीनदा वाचला.

“सभेची जाहिरात आहे, चाचा.”

“एवढीच?”

“एवढीच.”

“हौ,” चाचा म्हणाले. त्यांनी कागद माझ्या हातातून परत घेतला, चार घड्या घातल्या, टोपी काढली, तिच्या अस्तरात ठेवला आणि टोपी डोक्यावर घातली. मग गाडीखाली गेले. ठक. ठक. मी हातातली मेथी देठांसकट तोडत राहिले. आयुष्यात मी पुढे तुरुंग पाहिला, घरची माणसं गेलेली पाहिली. पण त्या दुपारी जी माझी अवस्था झाली तशी पुन्हा झाली नाही. आता सांगायला दुसरा कागद नव्हता, दुसरी युक्ती नव्हती. मी त्यांच्याच तोंडावर त्यांचा पुरावा खोटा वाचला होता.

पाचव्या दिवशी सकाळी, मुदत सरली म्हणत, अण्णा गणपा लोहाराला घेऊन आले. गणपा गल्लीच्या टोकाला बसायचा, बैलगाड्यांच्या चाकांना धावा, म्हणजे लोखंडी पट्ट्या, चढवायचा. खांद्यावर घण होता, हातात छिन्नी. अण्णांनी ठरवलं होतं की पिस्टन वरून फोडायचे, तुकडे काढायचे आणि नवे घालायचे. चाचा उभे राहिले. पाच दिवसांत त्यांचे गाल आत गेले होते. ते म्हणाले, अण्णा, घणानं ब्लॉक तडकंल, चंद्री संपली. नाही तडकला तरी छिन्नीचे चरे भिंतीला पडतील. मग ते चरे माझे का घणाचे, हे कोण सांगणार?

“कुणाचे ते मला ठावं हाय,” अण्णा म्हणाले. “बाजूला हो.”

चाचांनी उजवा हात पहिल्या सिलिंडरच्या तोंडावर पालथा ठेवला आणि तिथेच ठेवला. गल्ली पुन्हा दारात आली होती. गणपाने घण खाली टेकवला, अण्णांकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं, आणि ओशाळं हसून म्हणाला, “चाचा, हात काढा की. माझ्या घणाला डोळं न्हाईत.”

चाचांनी हात काढला नाही. अण्णा त्यांचं मनगट धरायला पुढे झाले. तेव्हा मी बोलले. पडवीतून बोलले, मग वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून अंगणात गेले आणि पुन्हा बोलले. “अण्णा, तेल चाचांनी घातलं होतं. डब्यात मी करडईचं भरून ठेवलं होतं. विलायती तेल मी होळीत ओतलं.”

माग चालू होते, म्हणून शांतता झाली असं म्हणता येणार नाही. अण्णांनी विचारलं, कुणी शिकवलं तुला हे? मी म्हटलं, कुणी नाही, थेंबाचं ते वाक्य मीच लिहिलं होतं. त्यांना ते कळलं नाही. त्यांचा हात उठला आणि हवेतच राहिला, कारण चाचा मध्येच बोलले. मला वाटलं होतं ते शिवी देतील. ते मिस्त्री होते. त्यांनी मिस्त्रीचा प्रश्न विचारला.

“करडई? सगळा डबा? निव्वळ?”

मी मान हलवली. चाचांनी तोंडावर हात फिरवला. आणि तेवढ्यात आई उंबऱ्यात आली, हाताला पीठ तसंच. ती पुरुषांच्या कामात कधी बोलली नव्हती. “करडईचं कीट हाय व्हय हे?” ती म्हणाली. “मग पाच दिस रॉकेल कशाला ओतताय? कढईच्या बुडाचं कीट रॉकेलनं निघतंय व्हय कधी? धुण्याचा सोडा टाकून उकळावं लागतं त्याला.” आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, “तेल कमी झालेलं मला दिसलं होतं. मला वाटलं, तुझ्या सभेतल्या पोरींना भजी करून घातलीस.”

चुलीवर मोठं पातेलं चढलं. शेजारच्या विणकरांकडे सूत धुवायचा सोडा पोत्याने असे, त्यांनी न मागता घमेलंभर आणून दिला. पाच दिवस दारात उभं राहून बघत होते, त्यांनाही आता काहीतरी करायचं होतं. सोड्याचं उकळतं पाणी चाचांनी चारी नळकांड्यांत ओतलं. पहिल्यांदा काही झालं नाही. मग कडेने फेस आला. पांढरा, मग पिवळा, मग चहाच्या रंगाचा. तेल आणि सोडा एकत्र आले की साबण होतो, आमच्या डोळ्यांसमोर इंजिनात साबण होत होता. गणपा म्हणाला, वैनी, गाडीला न्हाऊ घालताय जणू. आईने उत्तर दिलं की तुज्या घणानं तिची तेरवी घालण्यापरीस बरं. काळं पाणी उपसायचं, नवं ओतायचं, काथ्याने घासायचं. मी बादल्या वाहत होते. हाताची सालं निघाली, ती मी कुणाला दाखवली नाहीत. भर दुपारी चाचा पुन्हा गाडीखाली गेले. ठक. ठक. आणि मग एक आवाज आला, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा. पहिला पिस्टन नखभर वर सरकला.

गणपाने घण हळूच लिंबाला टेकवला. पिस्टन वर आला, दुसरा आला, मग राहिलेले दोन. चाचांनी खांद्यावरच्या फडक्याने पहिलं नळकांडं आतून पुसलं आणि अण्णांना हाक मारली. अण्णा वाकले, डोळे बारीक केले, पण त्यांना आतलं काय दिसणार? तेव्हा चाचांनी त्यांचं बोट धरलं आणि आत घालून भिंतीवरून फिरवलं. सावकाश, वरून खाली, गोल. आंधळ्याला अक्षर शिकवावं तसं.

“कुटं लागतोय चरा, अण्णा?”

“न्हाय लागत.”

दुसऱ्यात. तिसऱ्यात. चौथ्यात अण्णांनी बोट स्वतःच बराच वेळ फिरवलं. बाहेर काढलं आणि धोतराला पुसलं. भिंती आरशासारख्या होत्या.

गाडी जोडायला दोन दिवस लागले. विलायती तेल आणून घातलं, मी ते डोळ्यांनी पाहिलं. तिसऱ्या दिवशी हँडल मारायच्या आधी चाचांनी टोपी काढली. अस्तरातून तो कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. गल्ली होतीच.

“बेटी, आता वाच. आता खरं वाच.”

मी खोटं वाचलं हे त्यांना त्याच दुपारी कळलं होतं. पुढे एकदा म्हणाले, जाहिरात वाचायला कुणाला एवढा वेळ लागत नाही, नि ती कुणी तीनदा वाचत नाही. तरी त्यांनी मला कुणासमोर उघडं केलं नव्हतं. मी सांगेन का, हे बघत ते गाडीखाली ठोकत राहिले होते. मी कागद वाचला, मोठ्याने, सभेत वाचायची त्या आवाजात. ‘एक देशसेवक’पाशी आले आणि थांबले.

“हा देशसेवक कोण?” चाचांनी विचारलं. “त्याला नाव नाही?”

मी नाव सांगितलं. ते म्हणाले, लिही. मी पेन्सिलीने त्या दोन शब्दांवर काट मारली आणि खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. त्यांनी ते अक्षर बघितलं, वाचता येत नव्हतं तरी बराच वेळ बघितलं, आणि कागद परत टोपीत ठेवला. मग हँडल मारलं. चंद्री पहिल्या झटक्यात चालू झाली. ते तिला गल्लीच्या टोकापर्यंत घेऊन गेले, वळवली, भोंगा वाजवत परत आणली, लिंबाखाली उभी केली. हँडल काढून अण्णांच्या हातात दिलं.

अण्णा म्हणाले, उस्मान, आज आत येऊन जेव. ओसरीवर नको, आमच्यासंगं बस. आईने खरंच आत पाट मांडला होता. “आज नक्को, अण्णा,” चाचा म्हणाले. पुढे जे बोलले ते फक्त अण्णांना, पण मी जवळ होते. पोरीचं काही नाही, ते म्हणाले, पोरगी चुकली. पण वीस वर्षांच्या संगतीनंतर तुम्ही ‘तेल इकलंस का’ असं मला विचारलं नाही. सांगितलं. त्यांनी हत्यारांची पेटी उचलली आणि ते गेले. दुसऱ्या एका मालकाच्या गाडीवर लागले. वाटेत भेटले की मला बेटीच म्हणायचे. चंद्रीला मात्र पुन्हा हात लावला नाही. त्यांची थाळी कोनाड्यात राहिली. आई दर सणाला ती घासून परत तिथेच ठेवायची. आई गेल्यावर मी ठेवते.

म्हणून सुरुवातीला तुम्हांला दिवस मोजायला सांगितले. मोजले असतील तर आता एवढं करा. हे पुस्तक मिटा आणि त्या माणसाच्या दारी जा. पत्र लिहू नका, त्याला वाचता येत असलं तरी लिहू नका. ज्या गल्लीत त्याला बोल लागला त्याच गल्लीत उभे राहा, लोक दारात येतील एवढ्या आवाजात घडलेलं सांगा, आणि शेवटी स्वतःचं पूर्ण नाव घ्या.